खोटी बातमी ओळखण्याचा तास शाळेत कुठे बसवायचा?

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोहोचले. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढ्यावरून मुले पळवणारी टोळी आल्याची हाकाटी झाली. जमावाने पाचही जणांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथे त्यांचा जीव घेतला. त्याआधीचे काही आठवडे मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश आणि चित्रफिती त्या भागातल्या मोबाइलवर फिरत होत्या.

त्या वर्षी देशभर पसरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक कराचीची होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात आणि निघून जातात, एवढेच तिच्यात दिसते. मूळ चित्रफीत हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केली होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला सुखरूप परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला. दुसऱ्या एका संदेशात मुलांच्या मृतदेहांच्या रांगा होत्या आणि खाली अवयव काढून विकणाऱ्या टोळीची कहाणी लिहिलेली होती. प्रत्यक्षात ती दृश्ये २०१३ मध्ये सीरियातील घौटा येथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातली होती.

या दोन्ही उदाहरणांत जे दिसत होते ते कॅमेऱ्याने खरोखर टिपलेले होते. कसलीही जोडाजोड केलेली नव्हती. एखाद्याने ती दहा वेळा निरखून पाहिली असती तरी त्याला खोट सापडली नसती, कारण ती कापलेल्या शेवटात आणि खाली लिहिलेल्या दोन ओळींत होती. मुलांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवण्याचा विषय निघतो, तेव्हा मात्र आपली चर्चा मजकूर बारकाईने न्याहाळण्यापाशी, शुद्धलेखनाच्या चुका आणि उद्गारचिन्हे शोधण्यापाशीच थांबते. माझे म्हणणे असे आहे की, समोर आलेला मजकूर क्षणभर बाजूला ठेवून तो कुठून आला, पहिल्यांदा कोणी सांगितला आणि त्याविषयी इतर जाणकार काय म्हणतात, याचा माग काढण्याची सवय मुलांना लावणे हे खरे काम आहे. ती एका दिवसाच्या कार्यशाळेने लागणार नाही. मराठी, इतिहास, गणित, विज्ञान शिकवता शिकवता, वर्षानुवर्षे ती लावावी लागेल.

हे काम शाळेनेच का करायचे, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. २०१८ मधील हत्यांनंतर फॉरवर्ड केलेल्या संदेशावर व्हॉट्सॲपने तशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. अशा मर्यादांनी अफवेचा वेग कमी होतो, पण जो संदेश पोहोचला तो खरा की खोटा, हे त्या सांगू शकत नाहीत. सरकारनेही २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून केंद्र सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे ठरवण्याचा अधिकार स्वतःच्या तथ्यतपासणी कक्षाला देऊ केला. ती दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मला तो निकाल योग्य वाटतो, कारण स्वतःविषयीच्या बातमीचा खरेखोटेपणा ठरवण्याचा अंतिम अधिकार कोणत्याही सत्तेकडे असू नये. पण तो निकाल योग्य मानणाऱ्यांवर एक जबाबदारीही येते. हा निवाडा सरकारने करायचा नसेल आणि कंपन्यांवरही सोडायचा नसेल, तर तो नागरिकाला करता आला पाहिजे, आणि हा नागरिक घडवण्याची शाळेइतकी सर्वदूर पोहोचलेली दुसरी व्यवस्था आपल्याकडे नाही.

मुलांच्या हाती मोबाइल द्यावा की नाही, हा वाद तर आता मागे पडला आहे. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’ २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वयोगटातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. ही मुले बातम्या वाचतच आहेत. कशा वाचाव्यात, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

शिकवून खरोखर फरक पडतो का, याचे उत्तर बिहारमध्ये झालेल्या दोन अभ्यासांतून मिळते आणि ते लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात राज्यशास्त्राच्या संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी तिथे बाराशेहून अधिक प्रौढांवर एक प्रयोग केला. कार्यकर्त्यांनी घरी जाऊन सुमारे तासभर खोट्या बातम्या ओळखण्याच्या युक्त्या समजावून सांगितल्या. नंतर तपासले तेव्हा एकंदरीत फारसा परिणाम आढळला नाही. पुढे त्याच संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या ‘जीविका’ या संस्थेबरोबर वेगळी आखणी केली. या वेळी आठवी ते बारावीची मुले निवडली. ५८३ गावांतील १३,५०० हून अधिक विद्यार्थी त्यात होते. त्यांच्यापैकी निम्म्यांसाठी गावागावांतल्या ग्रंथालयांत सुमारे चौदा आठवड्यांच्या काळात चार वर्ग घेण्यात आले. उरलेल्यांना तेवढ्याच काळात इंग्रजी संभाषण शिकवले. खोटी माहिती ओळखायला शिकलेल्या मुलांना खरे-खोटे वेगळे करणे स्पष्टपणे अधिक चांगले जमू लागले आणि चार महिन्यांनंतरही ते टिकून होते. तासांत भर आरोग्यविषयक अफवांवर होता, तरी न शिकवलेल्या राजकीय अफवाही ही मुले अधिक चांगल्या ओळखत होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या पालकांची पारखही सुधारलेली आढळली.

या दोन प्रयोगांतला फरक आपल्या शिक्षण खात्याने समोर ठेवावा. एकदा येऊन युक्त्या सांगून जाणे आणि ओळखीच्या वर्गात, ओळखीच्या मुलांबरोबर, अंतराअंतराने तोच विषय पुन्हा हाताळणे यांचे परिणाम वेगळे निघाले. आपल्याकडे नव्या सामाजिक विषयाचे स्वागत बहुधा परिपत्रक, शपथ, घोषवाक्य स्पर्धा आणि फोटोसह अहवाल यांनी होते. हा विषयही त्याच वाटेने गेला, तर पदरी काही पडणार नाही.

आता शिकवायचे काय, याविषयी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी पंचेचाळीस जणांना संगणकासमोर बसवून काही संकेतस्थळे तपासायला दिली. त्यांत दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस पदवीचे विद्यार्थी होते. एका प्रश्नात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने होती. एक साठ हजारांहून अधिक सदस्य असलेली जुनी मान्यवर संस्था, दुसरा २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला, जवळजवळ तसेच नाव घेतलेला छोटा गट. विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले, मांडणी आणि संदर्भसूची पाहून प्रभावित झाले आणि त्यांच्यापैकी अनेकांना छोटा गटच अधिक विश्वासार्ह वाटला. इतिहासतज्ज्ञही गोंधळले. तथ्यतपासनीसांनी मात्र ते पान जेमतेम पाहिले. लगेच नव्या खिडक्या उघडून त्या संघटनेविषयी बाहेरचे लोक काय लिहितात हे शोधले आणि थोड्याच वेळात बरोबर उत्तरापाशी पोहोचले. हुशार, अभ्यासू वाचक पानातच अडकून पडला आणि पान सोडून बाहेर गेलेला वाचक फसण्यापासून वाचला, हा निष्कर्ष आपल्या शालेय संस्कारांना धक्का देणारा आहे, कारण दिलेला उतारा लक्षपूर्वक वाचून त्याच उताऱ्यातून उत्तर शोधायचे, हेच आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज आणि चेहरे तयार करता येऊ लागल्यावर तर नुसत्या डोळ्यांवर आणि कानांवर विसंबणे अधिकच धोक्याचे झाले आहे. आज चित्रातल्या माणसाच्या हाताची चुकलेली बोटे मोजून पकडता येणारे बनावट चित्र उद्या तसे पकडता येणार नाही, पण ते प्रथम कोणी टाकले हा प्रश्न उद्याही उपयोगी राहील.

महाराष्ट्रात यासाठी नवा विषय, नवे पुस्तक आणि नवा तास आणण्याची गरज मला वाटत नाही. जागा आधीपासूनच आहेत, फक्त त्या वाया जात आहेत. दहावीच्या मराठीच्या उपयोजित लेखनात बातमी लेखन येते. विद्यार्थ्याला एखादा विषय दिला जातो, ‘शाळेत वृक्षारोपण सोहळा उत्साहात संपन्न’ यांसारखा, आणि त्यावर त्याने बातमी तयार करायची असते. मूल काय करते? मनानेच एक तारीख ठरवते, प्रमुख पाहुण्यांचे नाव योजते, त्यांच्या तोंडी दोन वाक्ये घालते, वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ असे लिहिते. मथळा, स्थळ, दिनांक आणि क्रम साधला की गुण मिळतात. म्हणजे घडलेच नाही त्याची बातमीसारखी दिसणारी बातमी कशी लिहावी, याचा सराव आपण लाखो मुलांकडून करून घेतो आणि ती कोणाकडून कळली, कोणाला विचारून खात्री केली, हे एकदाही विचारत नाही. यात शिक्षकांचा दोष नाही. परीक्षेच्या तीन तासांत दुसरे काही करून घेणे अवघड आहे, हे मान्य. पण अंतर्गत मूल्यमापन आपल्या हाती आहे. तिथे मुलांना प्रत्यक्ष घटनेची बातमी लिहायला पाठवता येईल. गावातल्या नळाला चार दिवस पाणी का आले नाही, हे मुलाने ग्रामसेवकाला विचारावे, पाणी सोडणाऱ्याला विचारावे, दोघांचे सांगणे जुळत नसेल तर तेही लिहावे, आणि प्रत्येक वाक्यासमोर ते कोणी सांगितले याची नोंद करावी. एवढे एकदा केलेल्या मुलाला ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ ही शब्दयोजना पुन्हा पूर्वीसारखी निमूटपणे गिळता येणार नाही.

इतिहासाची गोष्ट तर आणखी चुटपुट लावणारी आहे. दहावीच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ आहे आणि त्यात माध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचे चिकित्सक आकलन करावे लागते, असे सांगताना ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचे उदाहरण दिले आहे. हिटलरच्या म्हणून त्याने विकत घेतलेल्या रोजनिशा १९८३ मध्ये बनावट ठरल्या. उदाहरण उत्तम आहे. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकाराने त्या आधी अस्सल मानल्या होत्या. पुढे तपासणीत कागदामध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेले रसायन सापडले आणि बिंग फुटले. मोठे नाव फसू शकते आणि कागद बोलू शकतो, हे दोन्ही धडे यात आहेत. पण वर्गात याचे काय होते? ‘विधान सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर गाइडमधून पाठ केले जाते. चिकित्सेविषयीचे उत्तर चिकित्सा न करता लिहिता येते आणि त्याला पूर्ण गुण पडतात.

वास्तविक अशा चिकित्सेची परंपरा मराठी माणसाला बाहेरून आणावी लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली, त्यामागे बखरीतली रसाळ हकिकत आणि त्या काळातले अस्सल पत्र यांची किंमत सारखी नसते, हाच आग्रह होता. बखर कोणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे प्रश्न ते विचारत. सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासाच्या साधनांनी होते. त्या पाठात बखरीबरोबर एक व्हॉट्सॲप संदेश ठेवून हेच तीन प्रश्न विचारले, तर बारा वर्षांच्या मुलांना दोन्ही समजतील.

एक तास कसा होऊ शकतो ते थोडे जवळून पाहू. समजा, शिक्षकांनी फळ्यावर एक छायाचित्र लावले. कमरेइतक्या पाण्यात रस्ता बुडाला आहे, माणसे होडीतून चालली आहेत, आणि खाली लिहिले आहे, ‘सांगली, ऑगस्ट २०१९’. सांगलीत तेव्हा महापूर आला होता, त्यामुळे चित्र पटण्यासारखे आहे. मुलांना पहिला प्रश्न, हे सांगलीच आहे हे तुम्हाला कसे कळले? बहुतेक जण म्हणतील, खाली लिहिले आहे. मग कोपऱ्यात अर्ध्या बुडालेल्या गाडीची पाटी दाखवायची. सांगलीची गाडी एमएच १० असते, कोल्हापूरची एमएच ०९; इथे सुरुवातीला केएल दिसते. दुकानाच्या पाटीवरील लिपी कोणती? तरीही मुलांना घाईने निकाल देऊ द्यायचा नाही. केरळची गाडी सांगलीत येऊ शकते. म्हणून शेवटी शाळेच्या संगणकावर किंवा शिक्षकांच्या मोबाइलवर चित्राचा उलटा शोध घ्यायचा, म्हणजे तेच चित्र शोधयंत्रात टाकून ते आधी कुठे आले होते ते पाहायचे, आणि हेच चित्र २०१८ च्या केरळच्या पुरातल्या बातम्यांत वर्षभर आधीच छापून आलेले सापडले, की मुलांनी स्वतः दोन वाक्यांत लिहायचे की आपल्याला काय कळले आणि ते कशावरून. चित्रातल्या खुणांनी शंका निर्माण झाली, पण निकाल बाहेरच्या शोधाने लागला, हा फरक मुलांच्या लक्षात येईपर्यंत शिक्षकांनी घाई करू नये. सगळ्याला मिळून अर्धा तास पुरतो.

गणितात शून्यापासून सुरू न होणारा आलेख दाखवता येतो, किंवा दोनाचे चार झाले तरी ‘रुग्णसंख्या दुप्पट’ असा मथळा कसा होतो हे काढून घेता येते. विज्ञानाला तर महाराष्ट्रात तयार वाट आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गेली अनेक वर्षे शाळाशाळांतून चमत्काराचे प्रयोग करतात. ते आधी स्वतः चमत्कार करून दाखवतात, मुले थक्क होतात, मग त्यामागची हातचलाखी किंवा रसायन उघड करतात आणि एखाद्या मुलाकडूनच तो करवून घेतात. स्वतःच्या हाताने चमत्कार केलेले मूल पुढे कोणा बुवापुढे तितक्या सहज मान तुकवत नाही. खोट्या बातमीलाही हीच पद्धत लावता येईल. वर्गात मुलांनी एखाद्या निरुपद्रवी विषयावर, म्हणजे मधल्या सुट्टीतल्या खाऊवर वगैरे, भीती वाटेल असा संदेश मुद्दाम रचावा, कोणत्या शब्दाने भीती वाढली, कोणत्या बनावट तज्ज्ञाने वजन आले, ‘त्वरित सर्वांना पाठवा’ या ओळीने काय साधले, हे एकमेकांना दाखवावे आणि तास संपण्यापूर्वी तो कागद फाडून टाकावा.

या सगळ्यात एक धोका आहे आणि त्याकडे मी गांभीर्याने पाहतो. मुलांना केवळ संशय शिकवला तर ती कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. ‘सगळेच खोटे असते’ म्हणणारा सतरा वर्षांचा मुलगा अफवेपासून सुरक्षित झालेला नसतो. हवामान विभागाचा अतिवृष्टीचा लाल इशाराही त्याला तितकाच संशयास्पद वाटतो आणि शेवटी तो आपल्या गटातल्या माणसाचेच ऐकतो, कारण कोणाचे तरी ऐकल्याशिवाय कोणालाच जगता येत नाही. म्हणून वर्गात खोट्यांइतकीच खरी, आणि वाचताना अविश्वसनीय वाटणारी खरी, उदाहरणे ठेवली पाहिजेत. एखादे वृत्तपत्र आपली चूक झाली की खुलासा छापते का, एखाद्या सरकारी खात्याची आकडेवारी कशी गोळा होते, डॉक्टरांच्या संघटनेने सांगितलेले आणि एका डॉक्टराने चित्रफितीत सांगितलेले यांत काय फरक, हे कळणे म्हणजे विश्वास कुठे ठेवावा हे कळणे. मुलाने दहा संदेशांपैकी दहाही खोटे ठरवले तर त्याचे कौतुक करू नये.

राजकारणाचे काय, अशी शिक्षकांची भीती मी समजू शकतो. एखाद्या पक्षाविषयीचा संदेश वर्गात तपासला तर दुसऱ्या दिवशी पालक किंवा स्थानिक पुढारी दारात येतील. बिहारच्या प्रयोगाने यावर वाट दाखवली आहे. आरोग्यापासून सुरुवात करावी. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीचे मांस खाल्ल्याने करोना होतो, ही अफवा पसरली आणि कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. हे उदाहरण कोणत्याही पक्षाचे नाही आणि ज्या घरात पोल्ट्री आहे, तिथल्या मुलाला ते समजावूनही सांगावे लागणार नाही. केरळमध्ये कन्नूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांचा अनुभव घेतल्यानंतर सुमारे दीडशे सरकारी शाळांत असे वर्ग सुरू केले, आणि त्या राज्याने पुढे हा विषय लाखो विद्यार्थ्यांपर्यंत आणि पाठ्यपुस्तकांपर्यंत नेला. सुरुवात एका जिल्ह्यात, एका लसीपासून झाली होती.

आणि घरातल्या मोठ्यांचे काय? आजोबांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला संदेश खोटा आहे, हे नातीने चारचौघांत सांगावे अशी अपेक्षा ठेवणे आपल्या घरांत सोपे नाही. तिला तसे करायला लावूही नये. पण शेजारी बसून, ‘आजोबा, हे कुठे आले होते ते आपण बघू या का?’ असे विचारणे तिला जमते, आणि बहुतेक आजोबांना ते आवडतेही. पालकांना झालेला फायदा बिहारमध्ये मोजून दिसला, तो नेमका कशातून झाला याचे उत्तर मी माझ्यापुरते याच बोलण्यात शोधतो. म्हणून शाळेने गृहपाठातही असे काम द्यावे, जे घरच्या माणसाबरोबर बसून करायचे असेल.

आता अडचण उरते ती साहित्याची. मुलांपर्यंत येणारी अफवा मराठीत येते, अनेकदा अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी वळणाच्या आवाजातल्या ध्वनिफितीतून येते. तपासण्याची साधने आणि प्रशिक्षणाची पुस्तके मात्र बहुतांशी इंग्रजीत आहेत. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांसारखे गट मराठीतून तथ्यतपासणी प्रसिद्ध करतात, पण ते लेखन प्रौढ वाचकासाठी असते; सातवीच्या वर्गात वाचता येईल असे ते कोणीतरी रचून द्यावे लागेल. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दर महिन्याला, त्या महिन्यात फिरलेल्या दोन-तीन संदेशांची तपासणी एका पानात, चित्रांसह आणि प्रश्नांसह शाळांकडे पाठवली, तर नव्या इमारतीची, नव्या पदांची किंवा नव्या परीक्षेची गरज पडणार नाही. जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी त्यात आपल्या भागातली एक अफवा जोडावी. आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनात बातमी लेखनाच्या गुणांपैकी निम्मे गुण, विद्यार्थ्याने कोणाकोणाला विचारले आणि कशी खात्री केली, या नोंदीसाठी राखून ठेवावेत. या एका बदलासाठी पाठ्यपुस्तकही नव्याने छापावे लागत नाही. मंडळाचे एक परिपत्रक पुरते.